ड्रायव्हर साइड उलटे

आमच्या गाडीच्या मागच्या चाकांचे बोल्ट एका हिवाळ्यात तीनदा तुटले, आणि तिन्ही वेळा मी ड्रायव्हरलाच धरलं. तोंडावर नाही, मनात. तिसऱ्यांदा तुटले तेव्हा त्याला काढून टाका म्हणून नवऱ्याच्या मागे लागले, आणि त्यानं ऐकलं.

गाडी म्हणजे ट्रकच, पण आखूड आणि उंच. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्करासाठी परदेशातून आलेली, लढाई संपल्यावर लिलावात निघालेली, दोन-तीन मालकांच्या हाताखालून आमच्याकडे आली. चारही चाकं ओढायची. माझा नवरा जंगलाचा ठेकेदार. बिरसा गावाच्या पुढे जिथं बैलगाडीची चाकोरीही संपते, तिथून बांबू आणायला तीच एक गाडी चालायची. राज्यांची वाटणी होऊन आमचे नागपूरकडचे नातेवाईक दुसऱ्या राज्यात गेले आणि आम्ही बालाघाटात मध्यप्रदेशात राहिलो, त्यानंतरच्या पाच-सात वर्षांतली ही गोष्ट.

असल्या गाडीचे भाग दुकानात मिळत नसत. त्यामुळे दुरुस्ती घरीच, परसातल्या टिनाच्या छपराखाली. सुरुवातीला मी फक्त रॉकेलमध्ये भाग धुऊन परातीत ओळीनं मांडून ठेवायची, कारण पुरुष खोलतात एका क्रमानं आणि बसवायला जातात भलत्याच. मग हळूहळू ऐकायला शिकले. इंजिन चढावर खोकलं तर पेट्रोल कमी पोचतंय. उन्हात तापून बंद पडलं तर पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं थांबायचं, उगाच काही खोलायचं नाही. गियर टाकताना करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. नवरा हात काळे करायचा आणि मी उंबऱ्यात उभी राहून सांगायची. माझा कान चुकत नाही, असं तो चार लोकांत म्हणायचा, आणि ते मला खरं वाटायचं.

संशयाची सवयही त्या छपराखालीच लागली. एका मिस्त्रीनं कार्बोरेटर साफ करायला घरी नेला आणि परत आणला तो दुसराच. दिसायला सारखा. पण दाराला लावून उरलेल्या हिरव्या रंगाचा एकेक ठिपका मी गाडीच्या प्रत्येक भागाला आतल्या अंगानं देऊन ठेवला होता, आणि या कार्बोरेटरवर तो नव्हता. मिस्त्री म्हणाला, रॉकेलनं निघाला असेल. मी त्याच्यासमोर दुसऱ्या एका ठिपक्यावर रॉकेल ओतून फडक्यानं खसाखसा घासलं. ठिपका जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी आमचा कार्बोरेटर परत आला. एकदा खरा ठरलेला संशय माणसाला बिघडवतो. मला त्यानं चांगलंच बिघडवलं.

आता चाकांबद्दल. गाडी आली तेव्हा ती आणून देणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं एक गोष्ट बजावून सांगितली होती. या गाडीच्या चाकांचे नट दोन तऱ्हेचे. एका बाजूच्या दोन्ही चाकांचे आटे नेहमीसारखे, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवले की घट्ट होणारे. दुसऱ्या बाजूचे बरोबर उलटे. "ड्रायव्हर साइड उलटा," तो हिंदीत म्हणाला, आणि मी लगेच त्याच हिरव्या रंगानं छपराखालच्या भिंतीवर लिहून टाकलं: ड्रायव्हर साइड उलटे. दुसरी साइड सरळ.

तेव्हापासून गाडी जंगलात निघायची त्या सकाळी मी चारही चाकांचे नट तपासायची. पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाईप चढवायचा, पदर खोचायचा, पाईपावर पाय देऊन अंगाचा भार टाकायचा. भिंतीवर लिहिल्याप्रमाणे एका बाजूला या दिशेनं, दुसऱ्या बाजूला त्या दिशेनं. दोन वर्षं एकही नट हलला नाही. गाडी तेव्हा नवरा स्वतः चालवत होता.

मग त्याची कंबर धरली. डॉक्टरनं गाडी चालवायला मना केलं आणि ड्रायव्हर शोधायची वेळ आली. ज्याला विचारावं तो एकच बोलायचा: गाडीचं स्टेअरिंग डावीकडे आहे, समोरून येणारी बस दिसत नाही, आम्ही नाही चालवणार. म्हणून गाडी गोंदियाला धाडली. तिथल्या मिस्त्रीनं महिनाभर ठेवून घेऊन स्टेअरिंग डावीकडचं उजवीकडे आणून दिलं. त्यानंतर लांजीकडचा एक ड्रायव्हर मिळाला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, आधी लष्कराच्या गाड्या चालवलेला.

तो आल्यापासून नट हलायला लागले.

पहिल्याच सकाळी मी पाईपावर पाय दिला आणि नट 'टक' करून थोडा फिरला. पुढचाही. चारही चाकांचे वीसच्या वीस. म्हणजे यानं आदल्या दिवशी चाकं पाहिली, पण कसली नाहीत, असा मी अर्थ काढला. तो सात वाजता यायचा, मी त्याआधीच मोकळी व्हायची. त्याला काही बोलले नाही. कामचुकार माणसाला आधीच सावध केलं की तो फक्त लपवायला शिकतो.

त्याच्या तिसऱ्याच फेरीत, बैहरच्या घाटात, मागच्या चाकाचे दोन बोल्ट पहिल्यांदा तुटले. संध्याकाळी तो नवऱ्याला सांगत होता आणि मी दाराआडून ऐकत होते.

"काहून तुटले?" नवऱ्यानं विचारलं.

"नट ढिल्ले होते साहेब."

"ढिल्ले कसे होतीन?"

"तेच तर मले समजून नाई राह्यलं," तो म्हणाला आणि घराकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला म्हटलं, "सकाळी मी सोता घट्ट केलते. मंग जंगलात ढिल्ले झाले ते कोणाच्या हातानं?"

"त्याले काय मिळंल नट ढिल्ले करून?"

"टायर. आपले टायर बरे आहेत. चाक काढून कोणाले देत असंल, अन् परत लावताना घाईत अर्धवट कसत असंल."

"विचारू का त्याले?"

"अजिबात नाई. चोराले सांगून पकडतेत का?"

मी चारही टायरांचे आकडे लिहून घेतले. महिनाभर रोज ताडून पाहिले. टायर तेच. यावरून कुणीही म्हणालं असतं की टायर चोरीला जात नाहीत. मी म्हणाले, मग दुसरं काहीतरी जातंय.

दुसऱ्यांदा बोल्ट तुटले ते बिरसाच्या पुढच्या नाल्यात. त्यानंतर त्यानं आमच्याकडचा चहा सोडला. आधी ओसरीवर बसून बशीत ओतून प्यायचा. आता कप पुढे केला की, "नको बाई, पोट ठीक नाई." रोज पोट ठीक नाही. ज्याच्या पोटात काही असतं त्यालाच घरातला चहा जात नाही, हे मी लगेच ताडलं.

मग मी हिरवा रंग काढला. नट तपासून झाले की प्रत्येक नटावर आणि त्याला लागून चाकावर मिळून एक बारीक रेघ ओढायची. नट हलला की रेघ तुटणार. त्या दिवशी संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा वीसही रेघा तुटलेल्या होत्या. नवऱ्याला छपराखाली नेऊन दाखवलं. तो वाकून पाहत राहिला आणि कंबर धरून म्हणाला, "म्हणजे रस्त्यात हात लावते तो."

उरलेलं दूधवाल्यानं पुरं केलं. तो जंगल नाक्याच्या पलीकडच्या गावातून यायचा. म्हणाला, "तुमची गाडी रोज नाक्याच्या पुढं उभी राह्यते बाई. अन् तुमचा ड्रायव्हर चाकापाशी उकिडवा बसून काहीतरी करते. एकेका चाकापाशी जाते. मी हाक मारली तर दचकला."

आता माझ्याकडे रेघा होत्या, साक्षीदार होता आणि सोडलेला चहा होता. फक्त तो काय चोरतो एवढं सापडत नव्हतं.

तिसऱ्यांदा बोल्ट तुटले तेव्हा भरलेली गाडी नाल्याच्या काठावर तिरपी झाली. कुणाला लागलं नाही, पण नवरा घाबरला. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर गाड्यांचे मालक बसतात तिथं तो बोलून आला की आमचा ड्रायव्हर चाकांशी काहीतरी खेळ करतो, त्याला काढतोय, दुसरा कोणी असेल तर सांगा. दुसरा मिळाला. मंगळवारी नऊ वाजता येणार होता. आणि बालाघाटात पंपावर एकदा असं बोललं गेलं की त्या माणसाला पुन्हा कुणी गाडी देत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. माहीत असून मी नवऱ्याला बोलायला लावलं होतं.

मंगळवारी मी नेहमीसारखी सहाला छपराखाली गेले. ड्रायव्हरचा शेवटचा दिवस. नवा येईल त्याच्या हाती गाडी तरी नीट जावी. पान्यावर पाईप चढवला, उजव्या मागच्या चाकाच्या नटाला लावला, पाय दिला. टक.

"तर तुम्ही आहा ते," मागून आवाज आला.

पाय निसटला आणि पाईप फरशीवर आपटला. बांबूच्या ढिगामागून तो बाहेर आला. डोक्याला मफलर गुंडाळलेला. बराच वेळ उभा असावा.

"इतक्या सकाळी इथं काय करून राह्यले?" मी विचारलं.

"तेच मी तुमाले इचारतो. चार महिने झाले. माह्या चाकाचे नट कोण ढिल्ले करते, ते पाहाले आलो. मले वाटे साहेबाचा कोणी दुश्मन असंल. अन् निघाली घरची बाई!"

"ढिल्ले? मी घट्ट करते! तुम्ही अर्धवट कसता, मी रोज घट्ट करते. आता आवाज नाई ऐकला? टक झालं ते?"

"ऐकला. म्हणून तर आलो म्होरं." तो जवळ येऊन उकिडवा बसला. "बाई, घट्ट होणारा नट टक नाई करत. तो कण्हते. टक करते तो सुटणारा."

"मले शिकवू नका."

"नाई शिकवत. पाईप काढा. नुसता पाना घ्या, अन् एका हातानं फिरवा. जिकडे फिरवत होत्या तिकडेच."

मी पाईप काढला. पाना धरला आणि त्याच दिशेनं फिरवला. दोन वेढे जड गेले, मग नट सहज फिरत गेला आणि माझ्या तळहातात येऊन पडला.

मी नट धरून उभी. तो माझ्याकडे पाहत नव्हता, हे बरं केलं त्यानं.

"भिंतीवर लिहिलं आहे," मी म्हणाले. "वाचा."

हिंदी तो वाचायचा, अक्षरं तीच. बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. "ड्रायव्हर साइड उलटे." मग माझ्याकडे वळला. "कोणत्या ड्रायव्हरची?"

"कोणत्या म्हणजे?"

तो उठला, गाडीत चढला, उजवीकडे सीटवर बसला आणि स्टेअरिंगवर हात ठेवून तिथूनच ओरडला, "आज ड्रायव्हर इथं बसते. हे लिहिलं तवा कुठं बसे?"

तेव्हा माझा नवरा डावीकडे बसायचा. गोंदियाच्या मिस्त्रीनं स्टेअरिंग इकडचं तिकडे केलं, बोल्ट होते तिथंच राहिले. उलटे आटे डाव्या बाजूला होते, डाव्याच बाजूला होते. बाजू बदलली ती भिंतीवरच्या ड्रायव्हरची. आणि मी रोज सकाळी पदर खोचून, अंगाचा सगळा भार टाकून, चारही चाकं सोडवत होते.

तो खाली उतरून मला डाव्या चाकापाशी घेऊन गेला. एका बोल्टच्या टोकावरचा चिखल अंगठ्यानं पुसला. आत एक खूण कोरलेली होती. "हा पाहा गुण्या," तो म्हणाला. सुताराचा काटकोन मोजायचा गुण्या असतो तशी ती दिसत होती. "ज्याच्यावर गुण्या, तो उलटा. लष्करात हेच शिकवलं. मी भिंत नाई वाचत बाई, बोल्ट वाचतो."

इंग्रजी मी चार इयत्ता शिकले होते. ते एल अक्षर होतं. लेफ्ट. इतकी वर्षं चिखलाखाली होतं आणि मी त्याच्यावर रंगाच्या रेघा मारत होते.

पण प्रश्न माझेही होते, आणि ते मी विचारले. "नाक्यापुढं रोज थांबून काय करता?"

"तुम्ही ढिल्ले केलेले नट कसतो. दुसरं काय? इथंच कसले असते तर ढिल्ले करणारा सावध झाला असता. पहिले बोल्ट तुटले तवा समजलं नाई. मंग रोज कसून पाह्यलं, तर रोज ढिल्ले. पण कसूनही उपयोग नाई, बोल्ट आधीच थकलेले. म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तुटले."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"कोणाले सांगू? ज्याच्या घरी ढिल्ले होतेत त्यालेच?"

"अन् चहा?"

"जो चाक काढाले पाह्यते, तो चहात काय टाकीन, कोणाले माहीत."

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि कप धुऊन वास घेऊन पाहिला असता.

आवाज ऐकून नवरा दात घासत बाहेर आला. मी त्याला सगळं सांगितलं, काही न गाळता. तो तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "झालं ते झालं. पण नवा माणूस नऊ वाजता येऊन राह्यला. त्याले शब्द देल्ला आहे."

"नोकरी तुमची साहेब, ठेवा का काढा," ड्रायव्हर म्हणाला. "पण पंपावर माह्याबद्दल जे बोलले ते मागं घ्या. काल दोघाईले इचारलं, दोघाईनं हात जोडले."

"सांगीन कधी तिकडं गेलो की."

"कधी नाई. आज. अन् तुम्ही नाई, बाईनं सांगाव. तुम्ही सांगतलं तर लोक म्हणतीन, साहेबाले दया आली."

"बाई पंपावर येईन?" नवरा हसला. आमच्याकडच्या बायका तेव्हा पंपावर जात नसत. तिथं जाण्यासारखं काही नव्हतंही: पालथे पिंप, विड्या, आणि सकाळपासून बसलेले गाड्यांचे मालक.

ड्रायव्हर बरोबर बोलत होता. नवरा बोलला असता तर ते मेहेरबानी ठरलं असतं. "आधी नट कसून घ्या," मी त्याला म्हटलं. त्यानं वीस नट कसले. मी शेजारी उभी राहून ऐकलं. प्रत्येक नट कण्हला. मग मी चपला घातल्या आणि गाडीत डाव्या सीटवर जाऊन बसले.

पंपावर पाच-सहा जण होते. मला पाहून दोघांनी विड्या टाकल्या. मी पायदानावरूनच बोलले. म्हटलं, आमच्या गाडीचे बोल्ट तुटले ते माझ्या हातानं. उलट-सरळ चुकले. चार महिने रोज सकाळी मी नट सोडत होते आणि हा माणूस रस्त्यात थांबून ते कसत होता. गाडी नाल्यात पडली नाही ती याच्यामुळे. साहेब इथं जे बोलले ते माझ्या सांगण्यावरून बोलले, आणि ते खोटं होतं.

मग एक जाडा मालक म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे पण येत जा सकाळी. आमच्या गाडीचे नट लय जाम आहेत."

सगळे हसले. "येईन," मी म्हटलं. "पण कोणती साइड ते आधी लिहून द्या."

ते आणखी हसले. ड्रायव्हर हसला नाही. तो बोनेट उघडून उगाच पाणी पाहत होता. हसणं ओसरल्यावर बिरसाच्या लाइनवर दोन गाड्या असलेला एक मालक त्याच्याजवळ गेला आणि आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "पावसाळ्यानंतर मोकळे आहात का?"

"पाहू," ड्रायव्हर म्हणाला आणि बोनेट बंद केलं.

आम्ही घरी परतलो तेव्हा नवा माणूस फाटकाशी उभा होता. नवऱ्यानं त्याला परत पाठवलं. शब्द मोडला म्हणून तो चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही. भिंतीवरची ओळ मी त्याच दुपारी चुन्यानं पुसली. डावी-उजवी असंही लिहिलं नाही, कारण माणूस गाडीच्या पुढे उभा आहे की मागे यावर तेही बदलतं. प्रत्येक चाकावरच घट्ट करायच्या दिशेचा बाण काढला. ड्रायव्हरनं चारही बाण बोल्टवरच्या खुणेशी ताडून पाहिले. मला वाईट वाटलं नाही. मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सवयीनं छपराखाली गेले. यावेळी बाणांप्रमाणे तपासणार होते. खुंटीवर पाना नव्हता. पाईप होता, पाना नव्हता. पिंपाखाली पाहिलं, सीटखाली पाहिलं. आणि मनात जे यायचं तेच आलं: नेला, आणि आता विकणार.

सातला तो आला. पाना खांद्यावर होता, फडक्यात गुंडाळलेला. आदल्या संध्याकाळी त्यानं तो घरी नेला होता, माझ्यापासून सांभाळायला. खुंटीला न लावता त्यानं तो स्वतःच्या सीटखाली ठेवला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "बाई, चहा असंल तर आणा."

पावसाळ्यानंतर तो बिरसाच्या मालकाकडे गेला. तोवर रोज संध्याकाळी पाना त्याच्याबरोबर घरी जायचा.